नाकातून दिसतं

टेस्टिंग रूमच्या भिंतीवर, पिवळ्या दिव्याखाली
आमची शूर्पणखा टांगलीय.
खाली पितळी पट्टी: आदिवासी मुखवटा, जिल्हा नाशिक.
कुणाची, कुठल्या गावची,
तिथवर येता पट्टी संपली असावी.

मी पाहुण्यांना वाइन ओतते.
ग्लास कसा धरायचा, कसा फिरवायचा, सांगते.
आधी नाक आत घालायचं, मग ओठ.
नाकाला सगळं आधी कळतं, असं आम्हाला शिकवलंय.
ते मला घरूनच येत होतं.

सावळघाट उतरून, पेठ मागं टाकून
डांबर संपतं तिथं आमचं गाव.
चैत्र सरता सरता बोहाडा उभा राहायचा.
रात्र चढली की संबळ तापायचा,
पोरं टेंभ्यांना तेल पाजत मागंमागं,
आणि अंधारातून एकेक सोंग यायचं.
आमच्या घराकडं शूर्पणखा, चार पिढ्या.
दुसऱ्यानं तिला हात लावला तर देवी कोपायची
आणि त्याआधी माझा बा.

जुनी वाळवीनं खाल्ली. ही तिची लेक,
नवसू भोयेनं घडवलेली:
मातीचा साचा, मेथीची पूड, चिंचोक्याची खळ,
लगद्याला शाळेतले रद्दी पेपर.
आतून, डाव्या गालामागं,
अजून वाचता येतं, पन्नासपैकी अकरा.

डोळे बघा केवढे. शेंदरी कडा, काळं बुबुळ.
त्यांतून काही दिसत नाही.
भोकं नाकपुड्यांत आहेत.
बा उभी रात्र नाकातून बघून नाचायचा.
"म्हणून हिचं नाक कापायचं नाही," नवसू म्हणायचा.
"शहराला नाव पाहिजे होतं, त्यांनी कापलं.
आपल्याला नाचायचंय.
नाक गेलं तर माणूस टेंभ्यात जाईल."

तर आमच्याकडं लक्ष्मण नुसतीच तलवार फिरवायचा,
हवेतल्या हवेत,
आणि ती त्याच्याच मागं लागायची.
बाया हसून लोळायच्या.
मी मात्र आयच्या पाठीशी.
चाळाखाली बाची वाकडी करंगळी
स्वच्छ दिसत असायची,
तरी दरवर्षी भ्यायचे.
न भिऊन कसं चालेल? तो तिथं नसायचाच.

मग नाशिकहून पांढरी गाडी आली.
माणूस भला होता, चपला बाहेर काढल्या त्यानं.
"सगळी सोंगं आणता येतात," बा म्हणाला
आणि थांबला. पुढचं सगळ्यांनाच पाठ असतं.
हॉटेल मॅनेजमेंटची पहिल्या वर्षाची फी
बरोबर भागली.

परवा एकानं विचारलं, ही बघते कुठून?
मी सांगितलं.
त्यानं वाकून, मान वर करून
नाकपुड्यांत पाहिलं
आणि दचकून मागं सरला. थोडी वाइन सांडली.
आत काय असणार? भिंत होती.

काल पाहुणे गेल्यावर खुर्ची घेतली, उतरवली तिला.
हलकी. लहानपणी केवढी जड वाटायची.
कपाळाच्या जागी आयच्या हिरव्या लुगड्याची घडी
अजून शिवलेली,
मिठाचा पांढरा डाग तिच्यावर.
मी घातली.
आमच्याकडं बाया घालत नाहीत.

तंबाखू, मेथी, जळकं तेल,
आणि तळाशी काहीतरी
ज्याला मी पाहुण्यांसमोर नाव दिलं नसतं.
दोन भोकांत दोन खोल्या.
उलट्या टांगलेल्या ग्लासांची एक.
दुसरीत धरणाचं पाणी, पलीकडचा एक दिवा.

दार वाजलं. कोठावदे सर, हातात किल्ल्या.
खाली युनिफॉर्म, नेमप्लेट, वर ती.
"कोण आहे?"

सांगायला हवं होतं.
नेमप्लेट तर छातीवरच होती.
मी एक पाऊल टाकलं,
बासारखं, आधी टाच.